ओकाच्या पोटातले खिळे

“लोखंड! आत लोखंड आहे!” करवतवाला ओरडला आणि मशीन बंद करायला त्याने अशी झेप घेतली की त्याची हॅट शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन पडली. तुटलेलं पातं सूं करत माझ्या कानाजवळून गेलं. आमची ही म्हणते, ते माझ्यापासून वीस फुटांवर पडलं. पण ती स्वयंपाकघराच्या काचेआड उभी होती, आणि कान माझा होता.

हा करवतवाला म्हणजे टेक्सासचा साठीचा धिप्पाड गडी. ट्रेलरवर आडवी करवत लादून तो गावोगाव हिंडतो आणि लोकांच्या अंगणात पडलेल्या झाडांच्या फळ्या पाडून देतो. आमच्या अंगणात पडलेलं झाड लाइव्ह ओक. बारा महिने हिरवं, आणि जाडी एवढी की त्याच्यामागे उभ्या राहिलेल्या माणसाला हाक मारण्यापेक्षा फोन करणं सोपं. ह्यूस्टनच्या जूनमध्ये त्याच्या सावलीत लावलेल्या गाडीला हीटर लावावा लागायचा, असं मी पाहुण्यांना सांगत असे. काहींनी विश्वास ठेवला.

झाड मी पाडलं नाही. घर विकायला काढलं होतं. छतावर एवढी फांदी असेल तर विमा देणार नाही, असं घेणाऱ्याच्या विमा कंपनीने कळवलं, आणि घेणारा म्हणाला, झाड काढा नाहीतर मी दुसरं घर बघतो. सोमवारी माणसं आली. एका दिवसात त्यांनी फांद्यांचा भुसा केला आणि बुंध्याचा ओंडका हिने अडवून धरला म्हणून तेवढा राहिला. पुढच्या आठवड्यात सामानाचा ट्रक मिशिगनला निघणार होता. तिथल्या ट्रॉय गावात मुलीच्या घराजवळ आम्ही दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतलं आहे.

तिथल्या बाल्कनीत हिला या झाडाचा बाक हवा होता. आमच्या चाळीस वर्षांच्या संसारात हिने मागितलेल्या गोष्टींची यादी पोस्टाच्या तिकिटावर मावेल. माझ्या यादीला हाच ट्रक लागेल. मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, जस्ट बाय अ बेंच.” हिने फोन माझ्या हातात दिला आणि भाजी चिरायला निघून गेली. म्हणून मी करवतवाला शोधला.

तर आता तो तुटलेलं पातं हातात धरून विचारत होता, या झाडात कोणी काय ठोकलंय?

ही बाहेर आली आणि म्हणाली, कोणी काही ठोकलेलं नाही. आम्ही या झाडाची पूजा करतो. ती हे अशा काही ठामपणे म्हणाली की त्याने हॅट काढली असती, पण ती शेजाऱ्यांकडे होती.

पूजा खरीच होती. वटपौर्णिमेला वड लागतो. नर्सरीत कुंडीतला मिळतो, नाही असं नाही. पण पहिल्या वर्षी त्या वीतभर वडाभोवती पाच बायका फिरू लागल्या तेव्हा पाचव्या फेरीला दोघींना घेरी आली आणि कुंडी लवंडली. मग हिने ठरवलं, भाव महत्त्वाचा, झाड आपल्या अंगणातच आहे. तेव्हापासून दर जूनला ह्यूस्टनभरच्या बायका नेसून-नटून, पांढऱ्या सुताची रिळं घेऊन आमच्या ओकाला सात फेरे घालायला येत. सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून. नवरे बाहेर एसी चालू ठेवून गाड्यांत बसत.

अडचण सुताची होती. लाइव्ह ओकाचा बुंधा खाली फाकतो आणि वर निमुळता होतो. सूत वर सरकून सैल पडायचं, टिकायचं नाही, एकदा तर चालू पूजेतच सगळं सुटून मुळांवर पडलं. एक मावशी रडायलाच लागल्या. अपशकुन म्हणे. त्या वर्षी त्यांच्या नवऱ्याची बायपास होती.

पुढच्या वर्षी आदल्या दुपारी ही हळदी-कुंकवाचं सामान आणायला गेली असताना मी झाडाच्या मागच्या बाजूला कमरेच्या उंचीवर दोन खिळे ठोकले. सूत अडकलं आणि टिकलं. मावशींचे यजमानही टिकले. वर्षभरात झाडाने खिळे गिळले, साल वर आली, काही दिसेना. म्हणून पुढच्या वर्षी आणखी दोन. असं मी किती वर्षं केलं ते आता आठवत नाही. ज्या झाडाची पूजा करायची त्यात लोखंड ठोकायचं, हे हिला सांगायची हिंमत मला सात जन्मांत झाली नसती.

करवतवाला सामान आवरू लागला. त्याचं म्हणणं सरळ होतं. अंगणातल्या झाडात काय असेल सांगता येत नाही, जुनं तारेचं कुंपण असेल तर ते गाभ्यापर्यंत जातं. खिळे असते आणि कुठे आहेत ते कळलं असतं तर उकरून काढता आले असते. न कळता दुसरं पातं तो घालवणार नव्हता. आणि बाकाएवढी सरळ फळी त्या ओंडक्यात तेवढ्याच भागात होती, वर सगळा वाकडा, फाटे फुटलेला भाग.

तो ट्रेलरला गाडी जोडत होता. ही ओंडक्यावर हात ठेवून उभी होती.

“खिळेच आहेत,” मी म्हणालो. “कमरेच्या उंचीला. मागच्या बाजूने. मी मारलेत.”

करवतवाल्याला हे इंग्रजीत सांगितलं. हिला मराठीत सांगायची गरज पडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, हात काढून घेतला आणि घरात गेली.

पुढचे दोन दिवस मी मेटल डिटेक्टर, पटाशी आणि पक्कड घेऊन त्या ओंडक्यावर वाकलो होतो. लाइव्ह ओकाचं लाकूड म्हणजे लाकडाच्या वेषातला दगड. पटाशीला तीनदा धार लावली, चौथ्यांदा मलाच धार लावायची वेळ आली. डिटेक्टर किंचाळायचा, मी खणायचो, चार इंच आत वाकडा, काळा पडलेला खिळा सापडायचा. सांगताना मी अर्धी बादली म्हणतो. एक वाटी भरली, पण मोठी वाटी. पाठ गेली, उजवा अंगठा सुजला. दोन दिवस जेवण टेबलावर झाकून ठेवलेलं मिळालं. गरम होतं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

करवतवाला परत आला, डिटेक्टर पुन्हा सबंध फिरवला, आणि या वेळी करवत ओंडक्यातून शेवटपर्यंत गेली. पाच फूट लांब, दोन इंच जाड एक फळी निघाली. ती मी आणि करवतवाल्याने गॅरेजमध्ये ठेवली आणि दोघेही तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. तो निघून गेल्यावरही मी उठलो नाही. उठता येत नव्हतं.

ही चहा घेऊन आली. फळीवर जिथे जिथे खिळे होते तिथे शाई सांडल्यासारखे निळे-काळे ओघळ होते. ओकाच्या रसाला लोखंड लागलं की असं होतं, आणि ते रंध्याने जात नाही. मी तिला तसं सांगितलं. तिने एकेका डागावर बोट ठेवलं. मोजत असावी.

मी विचारलं, “बसशील ना यावर?”

“वाळायला किती दिवस लागतात?”

करवतवाल्याने सांगितलं होतं, एका इंचाला एक वर्ष. म्हटलं, दोन वर्षं.

“मग दोन वर्षांनी विचारा,” ती म्हणाली.