‘काही नाही’ म्हणणारा स्ट्रायकर

विलास माझ्याशी खोटं बोलून गेले.

चार दिवस डावा खांदा दुखत होता. मला म्हणाले, "काही नाही."

काल तेरवी झाली. आज घरात पहिल्यांदाच पाहुणं कोणी नाही, म्हणून ह्यांच्या पेजवर लिहायला बसले. तुमच्यातले बरेच जण त्यांना फुटबॉलमधला स्ट्रायकर म्हणून ओळखतात. मी सव्वीस वर्षं त्यांची बायको होते.

अंजनगाव सुर्जीच्या पुढं आमचं गाव. उन्हाळ्यात काळी जमीन फाटते. भेगेत चेंडू पडला की कुठं उडेल, सांगता येत नाही. म्हणून हे चेंडू खाली येऊच देत नसत. हवेतच मारायचे.

कोलकात्याच्या क्लबात गेले तेव्हा कोच ओरडला, आधी खाली येऊ दे, मग मार.

हे म्हणाले, "सर, आमच्या इकडे खाली आला की गेला."

त्या एका शॉटवर नऊ सीझन खेळले. आधी कोलकाता, मग गोवा.

मी नववीपर्यंत शिकलेली. पेपर वाचायची सवय लागली ती ह्यांच्या पायी. ते कापसाचे वाईट दिवस होते. पहिल्या पानावर आमच्याच भागातली नावं असायची, जीव दिलेल्या शेतकऱ्यांची. ह्यांचं नाव शेवटच्या पानावर.

मी पेपर मागून वाचायचे. पहिल्या पानापर्यंत यायला मला भीती वाटायची.

एकदा ह्यांचा घोटा टम्म सुजला. मला ते कळलं रफीकभाईंकडून. रफीकभाई अकोल्याचे, त्याच क्लबात लेफ्ट विंगर. ह्यांच्या निम्म्या गोलांना पास त्यांचाच.

मी फोनवर विचारलं, "डॉक्टरले सांगत कावून नाही?"

"बाहेर बसवतील. माह्या जागेवर दोघं टपून हायेत."

मग म्हणाले, "गावात लोकायवर काय वेळ आली हाय. अन् मी घोट्यासाठी रडू?"

मला ते पटलं. खरंच पटलं.

फिजिओनं दुखरी जागा दाबली की काय करायचं, तेही ठरलेलं. गावापासून अमरावतीपर्यंतचे एसटीचे स्टॉप मनात म्हणायचे. चेहऱ्यावरची रेघ हलत नसे.

गुडघा असाच एक अख्खा सीझन लपवला. शेवटी ऑपरेशन झालं तेव्हा सर्जन म्हणाले, "अरे, तू चालत कसा होतास?"

करिअर तिथंच संपलं.

पण हे तो किस्सा लग्नाकार्यात सांगायचे, मॅच जिंकल्यासारखा. लोक टाळ्या द्यायचे. कोणी नवीन असलं की मीच म्हणायचे, "अहो, ते गुडघ्याचं सांगा ना."

मीच.

नंतर हे अमरावतीला कॉलेजच्या पोरांना शिकवायचे. शेवटचे चार दिवस बाथरूममधून पेन स्प्रेचा वास यायचा.

"काय होऊन राहिलं हो?"

"पोरायले थ्रो शिकवून खांदा भरला. काही नाही."

मी भाजी फोडणीला टाकायला गेले.

पाचव्या दिवशी सकाळी ग्राउंडवरून आले. बुटाची नाडी सोडायला खुर्चीवर बसले, खाली वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

मला वाटलं, नाडीला गाठ बसली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "चार दिवसांत काहीच बोलले नाहीत?"

बोलले ना. मी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. मी ते खरं मानलं.

त्यानंतर मी रडले नाही. बायका येऊन गळ्यात पडत होत्या, मी त्यांना पाणी देत होते. मला काही कळतच नव्हतं.

आठव्या दिवशी रफीकभाई पुन्हा भेटायला आले. बसल्या बसल्या डावा हात चोळत होते.

"हात दुखते काय, भाई?"

"नाही भाभी. असंच. काही नाही."

मी उठले आणि चप्पल घातली.

थोरल्या जाऊबाईंनी दंड धरला. "तेरवीच्या आधी उंबऱ्याबाहेर जाते काय कोणी? लोक काय म्हणतीन?"

"लोकायले चहा द्या, आक्का. मी येतो."

ऑटोत रफीकभाई सारखे म्हणत होते, "भाभी, पागल झाल्या काय तुमी? मी अकोल्याहून गाडी चालवत आलो."

"हे बी ग्राउंडवरून बाइक चालवतच आले होते. गप बसा."

ईसीजी झाला. रक्त तपासलं. इको झाला. नर्सनं विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही?" रफीकभाईच आतून ओरडले, "भाभी है मेरी!"

डॉक्टर बाहेर आले. हृदय ठणठणीत. मानेची शीर दबलेली, म्हणून हात दुखतो.

तिथं कॅज्युअल्टीच्या बाकावर मी पहिल्यांदा रडले. आवरेचना.

रफीकभाई घाबरले. "रिपोर्ट चांगला आला ना भाभी, मग कावून रडता?"

काय सांगू त्यांना? इतकंच करायचं होतं. एक ऑटो आणि दोन-तीन तास. इतकंच.

जाऊबाई दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. चालेल.

ह्यांच्यासोबत खेळलेले पुष्कळ जण इथं आहेत. सगळे पन्नाशीतले. तुम्ही कमेंटमध्ये "लेजेंड" लिहिता, मी एकूण एक वाचते. आज माझ्यासाठी एक करा. फोन ठेवा, बायकोजवळ बसा, आणि कुठं दुखतं ते खरं सांगा.

तुम्ही खोटं बोललात तर तिला ते खरंच वाटणार आहे. मला वाटलं.

विलास, माझा राग आहे तुमच्यावर. एवढ्यात जाणारही नाही. तरी आपल्या गावाकडून, तुमच्या ग्राउंडवरच्या पोरांकडून आणि माझ्याकडून तुम्हाला शेवटचा नमस्कार.