कुलपाची दुसरी चावी

माझ्या आत्याला पावाच्या कारखान्यात सगळे कुलूपबाई म्हणत. तोंडावरसुद्धा म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. पीठ मळण्याचं मोठं यंत्र तिच्या ताब्यात होतं. त्याच्या भांड्याला आतून चिकटलेलं वाळकं पीठ खरवडायचं, तर खांद्यापर्यंत हात आत घालावा लागे. त्याआधी भिंतीवरच्या मेन स्विचला स्वतःचं लाल कुलूप लावायचं आणि चावी गळ्यात अडकवायची, हा नियम. ज्याचा हात आत, त्याचंच कुलूप, आणि काढायचं तेही त्यानंच. घाईच्या वेळी बाकीचे नियमाला बगल देत. आत्या मात्र आत नुसतं फडकं फिरवायचं असलं तरी कुलूप लावायची.

घरीही तिचं तेच. सुरी ओट्याच्या कडेला दिसली की सुरू: "सुरी हा धोका. ती अशी कडेला ठेवणं, ही जोखीम. धोका घरात असणारच, जोखीम तू वाढवलीस." जिन्यात कोणी घसरता घसरता वाचलं आणि आम्ही हसलो, तर तिला खपत नसे. तिच्या मते तोही अपघातच, फक्त पत्ता चुकलेला. पुढच्या वेळी बरोबर घर शोधत येतो. आई म्हणायची, वन्संनी लग्न केलं नाही ते बरं झालं, नवऱ्याला हेल्मेट घालून जेवायला बसवलं असतं.

बाबा तिचे धाकटे भाऊ. आईवडील लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं, कारखान्यात चिकटवलं, काम शिकवलं. पुढे ते शिफ्टचे सुपरवायझर झाले, म्हणजे तिचेच साहेब, आणि याचा आनंद त्यांच्यापेक्षा तिलाच जास्त. नव्या कुलपाबरोबर दोन चाव्या येतात. दुसरी सगळ्यांसमोर तोडून टाकायची असते. आत्यानं ती तोडली नाही. यंत्रात कधी अडकलेच, तर ते उलटं फिरवून सोडवायला आपलं माणूस हवं, म्हणून तिनं ती बाबांना दिली. आयुष्यात तिनं नियम मोडला तो एवढाच. बाबांनी चावी स्कूटरच्या जुडग्यात अडकवली. मी लहानपणी जुडग्याशी खेळायला लागले की ते म्हणत, "ती पितळी जपून गं, तुझ्या आत्याच्या जिवाची चावी आहे."

त्या दिवशी माल उशिरा चालला होता आणि वरून फोनवर फोन येत होते. स्विचला लाल कुलूप बघून बाबांना वाटलं, ताई काम संपवून चहाला गेली आणि कुलूप काढायला विसरली. कुलूप विसरणारी बाई! वळसा घालून यंत्राकडे एक नजर टाकली असती तरी पुरे होतं. त्यांनी तेवढंही केलं नाही. जुडगा काढला, कुलूप उघडलं, स्विच चालू केला. यंत्राचं पातं अर्धाच फेरा फिरलं. आत्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दवाखान्यात बाबा तिच्या पायाशी बसून रडले. मी दारातून पाहिलं, पण बोलणं ऐकू आलं नाही; ते मला फार पुढे आत्याकडून कळलं. चावीचं नाव काढू नकोस, माझी नोकरी जाईल, पोरीचं शिक्षण बुडेल, असं ते म्हणाले होते. आपलेच दात, आपलेच ओठ. तिनं मान हलवली. पण ती कबूल झाली होती गप्प राहायला, खोट्याला नाही. चौकशीत बाबांनी सांगितलं की ताईनं कुलूप लावलंच नव्हतं. ते तिच्या कपाटात सापडलं, आणि तिथं ते ठेवलं कोणी, हे कोणाला विचारावंसं वाटलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. कामगाराचा निष्काळजीपणा असा शेरा पडला आणि कुलूपबाई पाव पाकिटात भरायला बसली. आम्हाला घरीही तेच सांगण्यात आलं, आणि आम्ही ते मानलं.

पुढच्या वर्षी कारखान्याच्या सुरक्षा दिवसाला घरच्यांनाही बोलावणं होतं. नव्या कामगारांना नियम समजावायला बाबाच उभे राहिले. धोका, जोखीम, पत्ता चुकलेला अपघात, सगळं आत्याचंच, अगदी ओट्यावरची सुरीसुद्धा. मग ते म्हणाले, कुलूप लावलं नाही तर काय होतं ते डोळ्यांनी बघा. आणि त्यांनी तिला हात वर करायला सांगितलं. मला वाईट वाटलं, पण अजून काही कळलं नव्हतं.

आत्या उठली. तिनं हात वर केला आणि तसाच ठेवला.

"कुलूप दोन चाव्यांचं येतं," ती म्हणाली. "दुसरी चावी तोडून टाका. कोणालाही देऊ नका. भावाला तर नाहीच."

दोघेतिघे हसले; त्यांना तो विनोद वाटला. बाबा हातातला कागद उलटसुलट करत राहिले. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या समजलं. आत्याचा गळा आधी कापला होता, माझा तेव्हा कापला.

बाहेर स्कूटरपाशी मी बाबांकडून जुडगा मागून घेतला. एकेक चावी चाळली. पितळी तेवढी नव्हती.

"पडली असेल कुठेतरी," बाबा म्हणाले.

आत्या मागेच उभी होती.

"माझ्या जिवाची होती ना रे ती?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बसथांब्याकडे चालू लागली.

बाबांनी जुडगा परत घेऊन स्कूटर सुरू केली आणि मी मागे बसेन म्हणून ते वाट बघत थांबले. मी आत्याच्या मागे गेले.