सोम्या कुठला

रोहिदासच्या बारावीच्या वर्षी त्याच्या बापाचा पाय मोडला. दिवाळी नुकतीच झाली होती. भात झोडून कणगीत भरलं होतं, नाचणी घरात आली होती, आणि वडपाड्यावरची माणसं दरवर्षीसारखी वीटभट्टीवर जायच्या तयारीला लागली होती. वडपाडा सूर्यमाळच्या बाजूला, जंगलात इथं चार तिथं चार अशा घरांचा. पावसाळा सरला की तिथं काम नाही आणि होळीनंतर पाणी नाही, त्यामुळे अर्धं वर्ष सगळ्यांचं बिऱ्हाड भिवंडीकडच्या भट्ट्यांवर. भट्टीवाल्या शेठला रोहिदासच्या घरातून एक माणूस कबूल केलेला होता. बाप खाटेवर, म्हणजे आता रोहिदासनं जायचं, हे कोणी न बोलताच ठरल्यासारखं झालं होतं.

त्याचा चुलतभाऊ काळ्या मात्र मधे पडला. "पोराला परीक्षेला बसू दे," तो म्हणाला. "त्याच्या जागी हौशी येईल."

हौशी काळ्याची बायको. ती पोटुशी होती आणि त्या वर्षी घरीच राहणार होती. तिनं गाठोडं बांधलं. ट्रक रस्त्यावर आला तेव्हा ते गाठोडं रोहिदासनंच वर चढवलं. हौशी त्याला म्हणाली, "नीट शीक. आपल्यातला एक तरी खुर्चीवर बसू दे."

माघात भट्टीवरच तिला मुलगा झाला, सोम्या. रोहिदास बारावी पास झाला.

पुढचं आयुष्य ज्याचं त्याच्या वाटेनं गेलं. सोम्या दोन वर्षांचा झाला नव्हता तोवर काळ्या तापानं गेला. हौशी भट्टीवर जायची बंद झाली, आणि चार वाफे भात-नाचणी आणि रानातला मोह यांवर तिनं पोर वाढवलं. रोहिदास जव्हारला सरकारी कचेरीत कारकून लागला, प्रमिलाशी लग्न झालं, तिथंच गावाबाहेर घर बांधलं. मुलगी नीता नर्सिंग शिकली आणि नोकरी धरून थेट उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला गेली. पाड्यावर कोणाचं काम अडलं की तो माणूस जव्हारची एसटी धरायचा आणि रोहिदासच्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा. रोहिदास कामं करून द्यायचा. त्यात त्यानं कधी कुचराई केली नाही.

वडपाड्यावर बोहाडा होतो. चैत्र-वैशाखातला देवीचा उत्सव, देवादैत्यांचे मोठाले मुखवटे चढवून संबळाच्या तालावर नाचत मिरवायचं. एकेक सोंग एकेका घराण्याकडं असतं. रोहिदासच्या, म्हणजे झुगऱ्यांच्या घराकडं रावण होता, आणि तो घालायचे त्याचे थोरले चुलते, लाडक्याबाबा. त्यांना मूलबाळ नव्हतं. सोम्या त्यांच्या मागं मागं वाढला. रावणाचं ते दहा तोंडांचं ओझं पेलताना मान कुठं ठेवायची, पाय कुठं टाकायचा, हे त्यानं बघून बघून उचललं. पावसात मुखवट्याचा रंग उडाला की तोच पुन्हा रंगवायचा. लाडक्याबाबांचे खांदे थकले तसा तो मिरवणुकीत त्यांच्या पाठीशी चालून कमरेचा पट्टा धरायला लागला. बाबांनंतर सोम्या, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

रोहिदासनंही तसंच धरलं होतं. पण एका वर्षी बोहाड्याला तो प्रमिलाला घेऊन गेला, तेव्हा पाड्यावरच्या एका पोरानं पळत जाऊन त्याच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणली आणि मांडवाच्या कडेला ठेवली. बाकी सगळे मातीत बसले होते. पलीकडच्या खुर्च्यांवर मोखाड्याहून आलेले पाहुणे होते. रोहिदास बसला, पण त्याला काहीतरी टोचत राहिलं. आपण या गावात जन्मलो, आणि इथं आपण पाहुणे. ती टोचणी घेऊन तो घरी आला आणि ती गेलीच नाही.

पुढच्या माघात लाडक्याबाबांनी अंथरूण धरलं. सोंग कोणी घालायचं हे ठरवायला देवीच्या मांडवात माणसं जमली. बाबांना खाटेसकट आणून ठेवलं. कोणीतरी म्हणालं, सोम्या आहेच की. माना हलल्या.

तेव्हा रोहिदास बोलला.

"सोंग गावच्या घराण्याचं आहे. ते गावात जन्मलेल्याकडं जायला हवं. माझी नाळ या मातीत पुरलीय. सोम्याची कुठं पुरली ते त्याला तरी ठाऊक आहे का?"

बोलताना त्याचा आवाज कचेरीतल्यासारखा शांत होता. कोणी उलट बोललं नाही. सोम्यानं खाली बघितलं. हौशी बायकांत भिंतीला टेकून बसली होती. ती उठून बाहेर गेली. लाडक्याबाबा रोहिदासकडं बघून म्हणाले, "तू म्हणतोस तर तू घाल."

त्या वैशाखात रोहिदासनं रावण घातला. मुखवट्याच्या आत गरम होतं, भोकातून समोरचं धड दिसत नव्हतं आणि संबळाचा ताल पायात उतरत नव्हता. चौथ्या-पाचव्या फेरीला तो लटपटला. पाठीमागून कोणीतरी कमरेचा पट्टा घट्ट धरून त्याला सरळ केलं, आणि कानाशी हळूच सांगितलं, "काका, डावा पाय आधी." सोम्याचा आवाज होता. शेवटपर्यंत सोम्या ताल सांगत गेला आणि रोहिदास तो सांगेल तसा नाचला. मुखवटा उतरला तेव्हा लोक म्हणाले, चांगलं झालं. रोहिदासला त्यांच्याकडं बघवेना. आत घामानं चिंब झालेला असतानाही त्याला सारखं ते गाठोडं दिसत होतं, ट्रकवर चढवलेलं.

हे त्याला सभेतही ठाऊक होतं. विसरला असता तर गोष्ट वेगळी होती. 'कुठं पुरली' म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढं तो ट्रक आला होता, आणि तरीही तो बोलला होता.

आषाढात लाडक्याबाबा गेले. रोहिदासनं खांदा दिला, पण बाबांशी मोकळं बोलायचं राहून गेलं ते गेलंच.

गणपतीच्या दिवसांत बेलफास्टहून फोन आला. नीताला मुलगी झाली होती. हर्षदा नाव ठेवलं. रोहिदासनं कचेरीत पेढे वाटले. काही दिवसांनी नीता निवांत बोलत होती, तेव्हा त्यानं सहज विचारलं, "मग आता ही तिकडची झाली म्हणायची?"

नीता हसली. "नाही हो बाबा. आम्हाला येऊन अजून पुरेशी वर्षं झाली नाहीत. जन्मली इथं, पण पासपोर्ट आपलाच काढायचाय."

"जन्म तिथं झाला तरी?"

"इथं जन्माचं फार अवघड आहे. बेट आयर्लंडचं, राज्य ब्रिटनचं. आमच्या शेजारी दोन म्हाताऱ्या राहतात, ब्रिजिड आणि हेझेल. दोघी याच शहरात, एकाच दवाखान्यात जन्मल्या. ब्रिजिड म्हणते मी आयरिश, हेझेल म्हणते मी ब्रिटिश. आणि दोघींचं खरं धरतात."

"असं कसं? दोघींतल्या एकीचं तरी चूक असेल."

"मलाही तसंच वाटायचं. मी एकदा हेझेलला म्हटलं, तुम्ही आयर्लंडच्या बेटावर जन्मलात, म्हणजे आयरिशच की. ती रागावली नाही, पण तिचा चेहरा असा उतरला ना बाबा. मग ब्रिजिडनं मला बाजूला घेऊन सांगितलं, पोरी, आमच्या तरुणपणी यावरून माणसं मेलीत. आता आम्ही एकच शिकलोय. समोरचा सांगेल ते त्याचं. तू कुठली हे दुसऱ्यानं सांगायचं नाही."

नीता बाळाला थोपटत असावी, मधूनच हुंकार येत होता. "मी हिला विचारते," ती लाडानं म्हणाली, "काय गं, तू कुठली?"

"वडपाड्याची," रोहिदास पटकन म्हणाला. "दुसरी कुठली असणार?"

नीताला ते आवडलं. तिचं पुढचं बोलणं त्याला ऐकू आलं नाही. फोन ठेवून तो पडवीत येऊन बसला. समुद्रापार जन्मलेली, सूर्यमाळचा डोंगर न बघितलेली पोर त्यानं विचार न करता पाड्याची करून टाकली होती. आणि भिवंडीला जन्मलेला, त्याच पाड्यावर नांगर धरणारा सोम्या परका. प्रमिलानं चहा आणला. त्यानं तिला सगळं सांगितलं, ट्रकचंसुद्धा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ते तिला ठाऊक नव्हतं.

"मला काय सांगता," प्रमिला म्हणाली. "तिला जाऊन सांगा."

जायला त्याला दिवाळी उजाडली. हौशी अंगणात नाचणी पाखडत होती. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि पुन्हा सूप धरलं.

"वहिनी, मी सभेत बोललो ते चुकीचं होतं."

सूप चालू राहिलं. पाखडता पाखडता ती बोलली. "तू विचारलंस ना नाळ कुठं पुरली. भट्टीच्या मागं, बांधाला. काळ्यानं खड्डा केला, मी झोपडीतून बघत होते. वर दगड ठेवला, खूण म्हणून. पुढल्या वर्षी गेलो तर बांध नाय. तिथली माती खणून विटा पाडल्या होत्या. कुणाच्या घरात गेली, कुठल्या भिंतीत, देव जाणे."

"हे मी सभेत सांगितलं असतं," हौशी म्हणाली. "पण तू विचारत नव्हतास. तू सांगत होतास."

"मी सगळ्यांपुढं बोलतो. सोंग सोम्याला देतो."

"बोल. गाव ऐकेल. तवा ऐकलं, आता पण ऐकेल. तू कचेरीतला माणूस." तिनं सूप खाली ठेवलं. "मी का गेले होते भट्टीवर, ते तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"बोलताना ठाऊक होतं?"

त्यानं होकाराची मान हलवली. हौशीनं त्याच्याकडं बघितलं, रागानं नाही, नवीन माणसाकडं बघावं तसं. मग ती आत गेली, आणि रोहिदास अंगणातून उठला.

माघात पुन्हा माणसं जमली. रोहिदास उभा राहिला आणि त्यानं पायाचं, परीक्षेचं, हौशी कोणाच्या जागी गेली त्याचं, सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं, लोक चकित होतील, कदाचित चिडतील. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "आम्हाला ठाऊक होतं रे. तवा आम्ही पण होतो त्याच ट्रकात."

"मग त्या वेळी कोणी बोललं का नाही?"

म्हातारा घुटमळला. "तुझ्याकडं काम पडतं ना सगळ्यांचं."

हे रोहिदासला सगळ्यांत लागलं. आपल्या शब्दाला गावात मान आहे असं तो समजत होता. लोक त्याच्या टेबलाला भीत होते.

सोम्या मागं उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. "सोंग मी घालीन," तो म्हणाला. "बाबांनी शिकवलंय, ते वाया नाय घालवणार. पण काका, मी इथला हे तुम्ही सांगायला नको. मागं नाय म्हणालात तवा पण मी इथलाच होतो."

त्यात टोमणा नव्हता. रोहिदास खाली बसला.

वैशाखात नीता रजा काढून बाळाला घेऊन आली. हे सगळं तिला बापानं फोनवर सांगितलं होतं. तिनं ते सगळं ऐकून घेतलं होतं. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे मी आज इथं आहे ती हौशीकाकूमुळं." बोहाड्याच्या दिवशी पाड्यावर पोचल्या पोचल्या ती हर्षदाला घेऊन आधी हौशीच्या घरी गेली. रोहिदास दारापर्यंत गेला आणि बाहेरच थांबला. आतून हौशीचा आवाज येत होता, पोरीशी बोबडं बोलणारा, मधेच हसणारा. तिचं हसणं त्यानं किती वर्षांत ऐकलं नव्हतं.

रावण निघाला तेव्हा उजाडायला लागलं होतं. सोम्या नाचायला लागला आणि संबळवाल्यांना जोर चढला. दहा तोंडं एका बाजूला झुकायची, आता पडणार असं वाटायचं, आणि पाय बरोबर तालावर खाली यायचा. रोहिदास माणसांत उभा होता. बघताना त्याला आनंद झाला, खोटा नाही, पण मागच्या वैशाखातल्या आपल्या लटपटत्या पायांची लाजही तिथंच होती. पट्टा धरायला जावं असं त्याला वाटलं. पण सोम्याच्या पाठीशी दुसरा तरुण केव्हाच चालत होता.

पलीकडं बायकांत नीता बसली होती आणि हर्षदा हौशीच्या मांडीवर होती. संबळाच्या आवाजानं पोर दचकली, रडली नाही, डोळे मोठे करून बघत राहिली. हौशीनं पदरानं तिचे कान झाकले.

मिरवणूक संपल्यावर रोहिदास त्यांच्यापाशी गेला. हौशीनं हर्षदाला नीताकडं दिलं आणि गुडघ्यावर हात टेकत उठली. क्षणभर त्याला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल.

"चहा झाला का?" तिनं विचारलं.

कोणालाही विचारावं तसंच. "नाही," रोहिदास म्हणाला, आणि ती चुलीकडं वळली. तिथं तिनं आलेल्या सगळ्यांना चहा दिला, त्यालाही दिला. तो कप घेऊन तो पाड्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. चहा गोड होता. तो त्यानं सावकाश संपवला.