खिंडीतल्या दोन डहाळ्या

“पान्याला पाचोळा आलाय बघ. वर लई पाऊस झाला आसंल. घटकाभरात फुगतोय हा वढा,” गवताचा भारा बांधता बांधता एक बाई दुसरीला म्हणाली. दुसरी आमच्या होड्यांकडे बघून हसली. “आन् ही नगरची पोरं परातीत बसून निघाल्यात.”

त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मी दहा पावलांवर खडकावर बसून बुटाची नाडी बांधत होते. मला सगळं ऐकू आलं आणि कळलंही. खाली दादा आमच्या दोन्ही कयाक, एकेकट्याने बसायच्या त्या निमुळत्या होड्या, पाण्याकडे ओढत होता. एका परदेशी मासिकातली चित्रं बघून त्याने त्या घरीच बनवल्या होत्या, बांबूच्या सांगाड्यावर कॅनव्हास ताणून आणि वरून रंगाचे तीन हात देऊन. उन्हाळाभर आम्ही दोघं तलावात वल्ही मारायला शिकलो. दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा तो भाद्रपद. अकोले तालुक्यातल्या डोंगरात, मुळा नदीला मिळणाऱ्या त्या ओढ्यातून उतरायचं आणि मग खिंड चढून पायी गाव गाठायचं, असा त्याचा बेत होता.

“मॅडम, येताय ना?” त्याने मला चिडवत हाक मारली.

मी हो म्हटलं. पाचोळ्याचं सांगितलं असतं तर तो हसला असता, आणि माझ्या बोलण्याला कुणी हसलेलं मला सोसत नसे. शाळेची अकरा वर्षं मी हात वर न करता काढली होती. न बोलण्याचं कारण एवढंच होतं.

पहिला मैलभर तो गात होता. मग दोन्ही बाजूंचे कडे जवळ आले, पाण्याचा रंग तांबडा झाला आणि मागून मालट्रक यावा तसा आवाज आला. दादाची होडी वळणापलीकडच्या संथ पाण्यात पोहोचली होती. माझी खडकावर आडवी आपटून मोडली. त्याने वळून पाहिलं आणि तो परत आला. मला कपारीवर ढकलताना त्याचे दोन्ही हात माझ्या पाठीला लागले होते. मी वर चढून मागे वळले तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं.

देवावर माझा विश्वास होता असं म्हणता येणार नाही. त्या कपारीवर नाव घ्यावंसं वाटलं, पण शाळेतल्या प्रार्थनेतलं घ्यावं की आईच्या देवघरातलं, तेही सुचेना. मी नुसती बसून राहिले. पाणी पायांपर्यंत आलं. तेवढ्यात वरून एक दोर खाली आला. भारा बांधायचा, गवताचा वास येणारा दोर.

वर तीच, पाचोळ्याचं बोललेली बाई होती. भारा घेऊन ती कड्यावरच्या वाटेने अर्ध्यापर्यंत गेली होती. “काय झालं कुनाला ठावं. पाय पुढं पडंना. भारा टाकला आन् फिरले,” एवढंच ती म्हणाली. त्याचा अर्थ मी तेव्हाही विचारला नाही, आजही लावत नाही.

खिंडीपर्यंतची वाट तिने मला हाताला धरून चालवली. वर शेंदूर फासलेला एक दगड होता आणि त्याच्यापुढे वाळक्या-ओल्या डहाळ्यांचा ढीग. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथे एक डहाळी वाहतो. मी देवाचं नाव विचारलं. “नाव न्हाई, बाय. वाटंचा देव हाय.” तिने माझ्या हातात दोन डहाळ्या दिल्या. “एक तुजी. एक भावाची वाह. त्यो बी निघालाय न्हवं वाटंला.”

तिसऱ्या दिवशी गावातल्या माणसांना दादा सापडला.

“मीच जा म्हटलं त्याला,” आई म्हणायची. भाजी चिरताना, केस विंचरताना, दोन वर्षं ती हेच म्हणत राहिली आणि मी दोन वर्षं गप्प राहून ते ऐकलं. माझ्या मनावरचं ओझं कधीतरी कुणीतरी उतरवून घेईल, अशी वाट पाहत होते. ते आपणच खाली ठेवायचं असतं. डोक्यावरचा भारा टाकून आलेल्या त्या बाईकडे पाहून हे तेव्हाच कळायला हवं होतं.

यंदाच्या भाद्रपदात मी आईला घेऊन खिंडीत गेले. आधी त्या बाईच्या घरी गेलो. मी तिच्या पाया पडले, तर तिने मला उठवून चहा दिला. तिने मला फक्त ओढून काढलं नव्हतं. वाटेवर उभं केलं होतं. मग वर आलो. आईने डहाळी वाहिली, दगडापुढे हात जोडले आणि पुन्हा तेच म्हणाली, “मीच जा म्हटलं त्याला.”

मी माझी डहाळी ठेवली. त्या वाटेच्या देवाकडे काही मागितलं नाही. आई काय म्हणेल, पुढे माझ्याशी बोलेल की नाही, ते सगळं त्याच्यावर सोडलं.

“आई, पाणी वाढणार हे मी ऐकलं होतं,” मी म्हणाले. “दादाला सांगितलं नाही.”