धुऱ्यालगतचे बारा फूट

बाळापूरच्या अलीकडे, सडकेला लागून आमचं वावर आहे. त्याच्या मागे तीन एकराचा एक तुकडा आहे. तो ज्यांचा, त्यांना आम्ही घरात 'मागचे काका' म्हणायचो. त्यांच्या एका बाजूला नाला, दोन बाजूंना दुसऱ्यांच्या विहिरी आणि बागा. सडकेवर यायचं तर आमच्या वावरातूनच यावं लागे. पावसाळ्यात आमचं पीक उभं असलं की ते धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पायी जात आणि खताची पोती डोक्यावर नेत. आमचं सोयाबीन निघालं, की त्यांच्या बैलगाडीला वाट मोकळी व्हायची.

मात्र त्याआधी ते विचारायला यायचे. दरवर्षी, दसरा झाला की आठवडाभरात. ओट्याच्या कडेला बसायचे. ते बौद्ध, आम्ही गावातले जुने पाटील. बाबांनी त्यांना कधी आत बोलावलं नाही आणि ते कधी आत आले नाहीत. चहा यायचा. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बोंडअळी, बैलांचा बाजार असं सगळं बोलून व्हायचं. मग चपला घालता घालता, आत्ताच आठवल्यासारखं ते म्हणायचे, "मंग दादा, गाडी नेऊ ना वावरातून?"

"ने ना बापा," बाबा म्हणायचे. "तुले कोन अडवते?"

मला या संवादाचा फार अभिमान होता. पुढे अकोल्याच्या शाळेत शिक्षिका झाले, तेव्हा शेजारधर्मावर निबंध लिहून घेताना मी हाच किस्सा मुलांना सांगायचे. दरवर्षी सांगायचे.

बाबांची आणखी एक शिस्त होती. उन्हाळ्यात नांगरणी सुरू करायची ती काकांच्या गाडीच्या चाकोरीपासून. ती पूर्ण मोडली, की मग बाकीचं वावर. तिथली जमीन दबलेली असते म्हणून, असं मी समजत होते.

बाबा गेले आणि वावर माझ्या नावावर आलं. मी एकुलती एक. शनिवार-रविवार गावी जायचं, मजूर लावायचे आणि त्यांच्यावर ओरडायचं, अशी माझी शेती सुरू झाली. माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा, हे गावाला लवकरच कळलं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर काका आले. मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली, कपबशीतून चहा दिला. आणि ते काही बोलण्याआधीच मोठ्या मनानं जाहीर केलं, "काका, आता दरवर्षी विचारायचं नाही. आपलंच वावर समजा. केव्हाही जा."

त्यांचे डोळे भरून येतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला.

"बाई, तुमच्या बाबानं तोंडानं देल्ला रस्ता. तुमी बी तोंडानंच देऊन राहिल्या."

मी खुर्ची ओढून समोर बसले.

"बोअरले पानी लागलं माह्या," ते म्हणाले. "लिंबू लावाचं हाये. लिंबू बारा महिने निंगते, भर पावसात बी. फळ याले चार वर्षं लागते. तवा रस्ता नसला तं ते सडन कुठी? माह्याच वावरात ना? मले कागद पायजे."

"माझ्या शब्दावर भरवसा नाही का तुमचा?"

"हाये ना. पन उद्या तुमी वावर इकलं तं घेनारा मले ओयखते काय?"

मी संतापले. बाबांना जाऊन वर्ष झालं नाही, आणि यांना कागद पाहिजे! बघू, एवढंच म्हणून मी त्यांना वाटेला लावलं आणि सोमवारी शाळा सुटल्यावर माझ्या वर्गमित्राकडे गेले. तो वकील आहे. कागद देण्याची काही गरज नाही, असं त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "तुझे बाबा हुशार होते," म्हणाला. "न विचारता, उघडपणे वीस वर्षं कुणी वाट वापरली, की ती त्याच्या हक्काची होते. विचारून वापरली तर ती परवानगी. मग शंभर वर्षं वापरली तरी हक्क लागत नाही. म्हणून विचारायला लावायचं आणि उन्हाळ्यात चाकोरी मोडून टाकायची, खूण ठेवायचीच नाही."

"विचारायला लावलं नाही कुणी," मी म्हणाले. "ते आपणहून यायचे."

हे बोलले आणि तिथल्या तिथे मला आठवलं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. एका वर्षी काकांनी न विचारताच गाडी नेली होती. दुसऱ्या दिवशी बाबांनी वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. त्या ओढून आणायला मीच होते. गुरं शिरतात, असं बाबांनी मला सांगितलं होतं. काका संध्याकाळी ओट्यावर आले आणि दुसऱ्या दिवशी फांद्या निघाल्या. माझ्या तळहातात काटा मोडला होता, तो बाबांनीच सुईनं काढला. इतकी वर्षं मला फक्त तो काटा आठवत होता.

मला बाबांची लाज वाटली. मुलांकडून लिहून घेतलेल्या त्या सगळ्या निबंधांचीही वाटली.

"ते तहसीलदाराकडे अर्ज करू शकले असते," वकील म्हणाला. "रस्ता मिळालाही असता."

पुढच्या शनिवारी मी काकांना विचारलं, का नाही केला अर्ज?

"मले याच गावात राहाचं होतं ना," ते म्हणाले.

कागद झाला, पण काही हसतखेळत नाही. मी आठ फूट म्हणत होते. काका म्हणाले, ट्रॅक्टरले बारा लागते. दोरी घेऊन पूर्वेच्या धुऱ्यालगत दिवसभर मोजत बसलो. दर फुटाला माझं तोंड वाकडं होत होतं आणि ते त्यांना दिसत होतं. शेवटी बाराच ठरले, बारमाही, गाडी-ट्रॅक्टरसह, दोघांच्या वारसांना बांधील. रजिस्ट्री झाली आणि माझ्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात काकांच्या रस्त्याची नोंद आली. पावसाळ्यात त्यांनी लिंबाची रोपं लावली.

पुन्हा दसरा झाला आणि काका आले. खुर्चीवर बसले. चहा झाला, लिंबाच्या रोपांवर बोलणं झालं. उठून ते चपला घालू लागले आणि मी सवयीनं थांबले, दर वर्षीच्या त्या प्रश्नासाठी. तोंडात "जा ना काका" तयार होतं.

"बाई," ते म्हणाले, "तुमची तूर रस्त्यात आली. ट्रॅक्टर अडकते. शेवटची ओळ काढून टाका."

माझं डोकं भणभणलं. माझ्याच दारात उभं राहून मलाच? पण ती ओळ मला माहीत होती. बारा फुटांतले शेवटचे चार मला जड गेले होते, आणि पेरताना मीच मजुराला म्हटलं होतं, घाल अजून एक, कोण मोजतं.

"काढते," मी म्हटलं.

"सकायीच काढजा. दुपारी मले खत आनाचं हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी विळा घेऊन मी एकटीच गेले. तूर फुलावर आली होती. ओळ कापून झाल्यावर सगळे फाटे ओढत ओढत रस्त्याबाहेर टाकले. बाभळीच्या फांद्या मी ओढत आणल्या होत्या, त्या इथेच. दुपारी खताचा ट्रॅक्टर गेला. काका वर पोत्यांवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे नाही, चाकांकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना जागा होती.