आईनं सोडलेलं फळ

आईला वाइन चाखायला नेलं हे सासवडच्या भावकीत कळलं, तर माझी काही खैर नाही. पण आई अमेरिकेत आमच्याकडं आली होती, आणि रेडमंडच्या घरात मला तोंडच उघडता येईना. पुढच्या आठवड्यात माझी अमेरिकन नागरिकत्वाची शपथ होती, आणि आई सासवडच्या घरावर माझ्यासाठी मजला चढवायच्या गोष्टी करत होती. बायकोनं सरळ हात झटकले. "तुझी आई आहे, तूच सांग. आपल्या लेकीच्या तोंडून कळलं तर बघ." म्हटलं, बरं. शनिवारी आईला गाडीत बसवलं आणि डोंगर ओलांडून वाला वाला नावाच्या गावी नेलं. बाहेर पडलं की माणूस मोकळं बोलतो म्हणे. कसलं काय! अख्खा रस्ताभर मी हवेपाण्यावर बोलत होतो.

गाव लहान, भोवती गहू आणि द्राक्षांचे मळे. तिथं एका फ्रेंच बाईंचं वाइनचं छोटं दुकान आहे. तरुणपणी लग्न करून त्या इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांच्या माहेरच्या गावात पाहुण्यापुढं जे ठेवतात तेच त्या ठेवतात: घरचा ब्रेड, दोन-तीन तऱ्हांची चीज, ऑलिव्ह, आणि ग्लासच्या तळाशी घोटभर वाइन. आमचा मुक्काम गावातच होता, त्यामुळे प्यायला मला हरकत नव्हती. आई मात्र पर्स मांडीवर घट्ट धरून खुर्चीच्या टोकावर बसली.

पहिला घोट तिनं डोळे मिटून घेतला, औषध घेतात तसा. "अरे, हे तर द्राक्षासव! तुझ्या वेळी बाळंतपणात रोज घ्यायचे मी." पुढची वाइन आंबट निघाली. आवडली नाही तर यात ओता, म्हणून बाईंनी टेबलावरचं भांडं पुढं सरकवलं. आईनं आत डोकावून पाहिलं. "शी! सगळ्यांचं उष्टं, आणि जेवायच्या टेबलावर?" मग तिचं उरलेलं मीच पिऊन टाकलं. एका चीजचा वास घेऊन म्हणाली, "हे नासलंय, सांग तिला." मी हसलो. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघं असे हसत होतो, आणि आता सांगावं तर हे हसू जाणार, म्हणून आणखी जिवावर आलं.

"हिची आई आहे का रे तिकडे? विचार ना."

मी विचारलं. बाई ग्लास पुसता पुसता म्हणाल्या, होती, आता नाही.

"शेवटी भेट झाली का, विचार."

"आई, असं नाही विचारायचं."

"का? मी तिच्या जागी असते तर सांगितलं असतं."

मी काही ते विचारलं नाही. बाईंना काय कळलं कुणास ठाऊक, त्या आत गेल्या आणि मागच्या अंगणातल्या झाडाची अंजिरं बशीत घालून घेऊन आल्या. जांभळी, तयार, फुटायला आलेली. आईनं त्यांना हात जोडले आणि बशी माझ्याकडं सरकवली.

"तू खा."

"अगं, खा ना! तुला किती आवडतात. आपल्या पुरंदरचंच फळ."

"नको म्हटलं ना."

"एवढ्या प्रेमानं आणलीत त्यांनी. एक खाल्लंस तर काय बिघडणार आहे?" माझा आवाज चढला. सांगायचं ते राहिलं बाजूला, मी अंजिरावरून भांडत होतो.

"मी सोडलंय ते," आई हळूच म्हणाली. "तू पहिल्यांदा विमानात बसलास ना, तेव्हा देवापुढं बोलले. पोरगा कायमचा घरी येईपर्यंत अंजीर तोंडात घालणार नाही."

सासवडला राहून! हंगामात तिथं रस्त्याच्या कडेला पाट्याच्या पाट्या मांडलेल्या असतात. शेजारीपाजारी ताट भरून आणून देतात. दर हंगामात हिनं ते लोकांना वाटून टाकलं असणार, आणि मला फोनवर एका अक्षरानं बोलली नाही. आता सांगू नये, असंच वाटलं. पण आता नाही, तर मग कधीच नाही.

"आई, मी नाही येणार आता. पुढच्या आठवड्यात शपथ आहे. इथलाच होणार मी."

तिनं टेबलावरचे ब्रेडचे कण बोटानं गोळा केले. मग म्हणाली, "सुट्टीला येशील ना?"

"येईन ना. दर वर्षी येईन."

"बरं."

तिनं पदराला हात पुसले आणि बशी आपल्याकडं ओढली. एक अंजीर घेऊन दोन्ही हातांनी उकललं, आत किडा नाही ना ते बघितलं.

"नको खाऊस, आई," मी म्हणालो. मला रडू आवरेना. "राहू दे. नको ना खाऊस."

"आता त्या देवाला तरी कशाला अडवून धरायचं?" असं म्हणून तिनं ते तोंडात घातलं, सावकाश चावून खाल्लं आणि दुसरं उचललं.