आधी खालच्या बांधीला

लटारूच्या शेताच्या वरच्या टोकाला अर्ध्या एकराची बोडी आहे. बोडी म्हणजे पावसाचं पाणी अडवायला हातांनी खोदलेलं लहानसं तळं. गडचिरोलीच्या झाडीत धान पिकवणाऱ्याकडे ती असली तर त्याचं नशीब. लटारूच्या आजाने आणि बापाने तीन उन्हाळे खपून ती खोदली. रंभा लग्न होऊन आली त्या वर्षी तिनेही तिचा गाळ उपसला होता. हळद उतरायच्या आत सासूने हातात घमेलं दिलं, हे ती अजूनही सांगते. पूर्वी हसून सांगायची.

या घराचा एक नेम होता. पाऊस ओसरला की धान गर्भात येतं. त्या पंधरा दिवसांत एक पाणी मिळालं नाही तर लोंबीत दाणा भरत नाही. तेव्हा बोडीची पाळ फोडायची. पण पाट आधी खालच्या गुणवंतरावाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात सोडायचा आणि तिच्या कडेचे धुरे बुडाले की मगच आपल्या. रंभेला सुरुवातीला हे पटायचं नाही.

"बोडी आपली, अन् पाणी आधी त्याले?"

"वरचा आधी पेला तं खालच्याले उरते का वो?" लटारू म्हणायचा. "खालचा पेला, तं वरचा आपलं पाहून घेते."

पाणी उरायचं, म्हणून भांडणही तिथेच संपायचं.

दोन वर्षांपूर्वी गावात मोजणीची माणसं आली. तलाव, बोड्या, विहिरी, साऱ्यांची यादी करत होती. त्यातले एक साहेब पाळीवर उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "हे पाणी कोणाचं?"

रंभा चहाचे कप घेऊन बाजूलाच उभी होती. लटारू हसला. असा प्रश्न त्याला जन्मात कोणी विचारला नव्हता.

"पाणी कोनाचं रायते का जी? पावसाचं हाय. साऱ्याइचं."

"वापरतं कोण?"

"आधी खालचे, मंग आमी."

साहेबांनी लिहिलं, वाचून दाखवलं. 'गावाच्या सामाईक वापरातील पाणीसाठा.' लटारूने मान डोलावून सही केली. त्या दिवशी रंभेला नवऱ्याचा अभिमान वाटला होता. साहेबांपुढे काय शोभून बोलला! त्याच वेळी तिने तोंड उघडायला हवं होतं. पाणी साऱ्यांचं असेल साहेब, बोडी आमची आहे, एवढंच म्हणायचं होतं. हे वाक्य तिला आता भांडी घासताना सुचतं, आणि मग हातातलं भांडं ती उगाच दोनदा घासते.

पुढल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सामाईक पाण्याची यादी लागली. मासोळी पाळायचे ठेके निघाले, आणि या बोडीचा ठेका गुणवंतरावाने घेतला. त्याच्या शेतात एव्हाना बोअर झालं होतं, पाटाच्या पाण्याचं त्याला काही अडत नव्हतं. त्या साली पाऊस दसऱ्यापर्यंत टिकला. पाळ फोडायची वेळच आली नाही. लटारू पाळीवर बसून मासोळ्यांना कोंडा टाकायचा, कौतुकाने.

यंदा मात्र गणपती उठायच्या आधीच पाऊस गेला. बांध्यांना भेगा पडल्या. धान ऐन गर्भात. एका सकाळी लटारूने फावडं घेतलं, आणि नेमाप्रमाणे आधी खाली जाऊन हाक दिली.

"गुणवंतराव, पाणी सोडून राह्यलो!"

गुणवंतराव दात घासत बाहेर आला. "फोडू नोको लटारूभाऊ. मासोळी बोटभर हाय अजून. पाणी गेलं तं मरते ना."

"अन् माहं धान?"

"आता मी काय करू गा? मी का जबरदस्ती घेतली? तूच तं लिहून देल्लं, साऱ्याइचं हाय म्हून. कागद हाय माह्यापाशी." जरा थांबून तो म्हणाला, "च्या घेतं का?"

लटारू चहा न घेता परतला. दुसऱ्या दिवशी रंभाच त्याला कचेरीत घेऊन गेली, सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून. तिथल्या बाबूने दोघांना बसायला खुर्च्या दिल्या, कागद नीट वाचला.

"मावशी, सातबारा जमिनीचा असतो. पाण्याचा नसतो."

"खड्डा आमचा, माती आमची. पाऊस आमच्या वावरात पडला जी."

"पाऊस ज्याच्या शेतात पडला त्याचा होत नाही. अन् यांचं बयान आहे. अर्ज द्या, चौकशी होईल."

"किती दिवसानं?"

"दोन-तीन महिने धरा."

"धान पंधरा दिवस थांबते," रंभा म्हणाली. बाबूने कोरा कागद पुढे सरकवला.

दहाव्या दिवशी भर दुपारी तिने स्वतः फावडं उचललं. पाळीवर दोन घाव घातले असतील नसतील, लटारूने मागून दांडा धरला.

"सोड."

"मरून राह्यलं ना धान! दिसत नाई का तुमाले?"

"दिसते. पन मीच म्हनलो होतो, साऱ्याइचं हाय. आता आपल्याले तहान लागली म्हून आपलं होते का?"

रंभेने त्याला नाही नाही ते सुनावलं, पण फावडं सोडलं. तीस वर्षं याच माणसाच्या शब्दावर ती धुऱ्यावरून पाणी जाताना बघत आली होती. उकरलेली माती लटारूने पायाने परत दाबून बसवली.

भरलेली लोंबी वाकते. यंदाच्या साऱ्या ताठ उभ्या राहिल्या. वर बोडी काठोकाठ भरलेली, एक पांढरा बगळा तिच्या कडेकडेने फिरत असलेला, आणि खाली दोघं तणसापुरतं धान कापत होती. गुरांना तरी होईल, रंभा म्हणाली. तेव्हापासून लटारू शेतावर गेला की बोडीकडे पाठ करून बसतो.

कार्तिकात अवकाळी पाऊस आला. पागोळ्या गळू लागल्या तशी रंभेने सवयीने पाणी धरायला खाली गंज, मोठं पातेलं, लावला.

"काढ तो गंज," खाटेवरून लटारू म्हणाला.

"काऊन?"

"पाणी कोनाचं हाय, कोनाले माईत. आधी इचारून ये."

तो थट्टा करतोय असं वाटून ती हसत वळली. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तो उठला, गंज उचलला, त्यातलं चार बोटं पाणी अंगणात ओतलं आणि रिकामा गंज तिच्या हातात दिला.

रंभा तो मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. पागोळ्यांचं पाणी अंगणातून वाट काढत उताराने खालच्या घरांकडे चाललं होतं.